बिस्किट काही अन्न नव्हे

मनुष्य अन्नावर जगतो हे सर्वमान्य आहे. परंतु अन्न कशाला म्हणावे, हे ठरवण्याचा अधिकार पोटाला आजवर कोणीही दिलेला नाही. तो अधिकार घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असतो, त्यांच्यानंतर शासनाकडे, आणि दोघांचे एकमत झालेच तर पंचांगाकडे. पोटाने फक्त वाट पाहायची असते.

धसईच्या पुढे, मुरबाडची एसटी जिथे वळून तोंड फिरवते त्या गावात, भाविकाची मुलगी मनस्वी अशीच वाट पाहत होती. वय साडेसात महिने. दात खालचे दोन. मोठी माणसं जेवायला बसली की ती आईच्या मांडीवरून प्रत्येकाचा घास ताटापासून तोंडापर्यंत डोळ्यांनी पोचवायची, आणि तो तोंडात पडला की स्वतःचं रिकामं तोंड उघडून मिटायची. सगळ्यांच्या बरोबरीनं जेवायची म्हणा ना. फक्त पोटात काही जायचं नाही.

याला कारण होते. मनस्वीचे उष्टावण व्हायचे होते. बाळाच्या तोंडी अन्नाचा पहिला घास मामाने घालायचा, आणि तो घालेपर्यंत बाळाने अन्नाला शिवायचे नाही, असा नियम आहे. भाविकाच्या सासूबाई धोंडीबाई यांनी तो केलेला नाही. त्या फक्त राबवत होत्या. (नियम करणारे कधीच भेटत नाहीत. भेटतात ते राबवणारे, आणि त्यांचा आवाज मोठा असतो.)

“मामाच्या हातचा पयला घास नाय पडला तं पोर जनमभर हावरी व्हते,” धोंडीबाई सांगायच्या. “त्या तानीचा बघ. मामा आलाच नाय तिचा. अजून लग्नात दोनदा पंगतीला बसते.”

तानीकाकी शेजारीच राहायची आणि तिला हे ऐकू जायचं. “दोनदा बसते पन आहेर बी दोनदा देते!” असं ती पलीकडून ओरडून सांगायची.

आता मनस्वीचा मामा, म्हणजे भाविकाचा धाकटा भाऊ भगीरथ, हा कसाऱ्याच्या घाटात एका ठेकेदाराकडे रुळांवर गस्त घालायचा. मनस्वीला सहा महिने भरले ते आखाडात, आणि आखाडात कुठलं आलंय शुभकार्य! म्हणून श्रावण धरला. श्रावणात घाटात दरडी सुटल्या आणि भगीरथाची सुट्टी बंद झाली. मग गणपती धरले. गणपतीत मामाच्याच घरी गणपती. अशा रीतीने सर्व बाजूंनी पूर्ण तयारी होती. फक्त घास तेवढा व्हायचा राहिला होता.

तोवर मनस्वी उपाशी होती असे कोणी समजू नये. अंगावरचं दूध होतंच. शिवाय बंदी होती ती अन्नाला, आणि अन्न म्हणजे काय याची धोंडीबाईंची व्याख्या अत्यंत स्पष्ट होती. जे चुलीवर आपल्या घरात शिजते ते अन्न. त्यामुळे भात, पेज, वरण, भाकरी, भोपळा हे सर्व अन्न. बिस्किट कारखान्यात होते, सबब ते अन्न नव्हे. चहात बुडवल्यास ते पेयच. (चहा हा पाण्याचा प्रकार असल्याचे सर्वश्रुत आहे.) टोस्ट दात शिवशिवतात त्यासाठी, म्हणजे हत्यार. रंगीत पुडीतले ते कुरकुरीत लाल-पिवळे तुकडे वाजतात, म्हणून खुळखुळ्यात मोडतात. केळं झाडावर लागतं, चुलीवर नाही, म्हणून ते तरी चालावं असा अर्ज भाविकाने एकदा तोंडी केला होता. तो “केल्यानं कफ होतो” या शेऱ्यानिशी फेटाळण्यात आला.

एकूण मनस्वीला अन्न सोडून सर्व काही खाण्याची मुभा होती.

तुम्ही म्हणाल, आई झाली ना ती? चोरून द्यायचा घास. दिला होता. न्हाणीच्या आडोशाला वाटीत मऊ भात कुस्करून, वर तुपाचं बोट फिरवून तिनं चार घास भरवले होते. मनस्वीनं असा काही आवाज काढला, की भाविका हसू आणि रडू यांतलं काय करू ते न कळून दोन्ही करून बसली. पण हनुवटीला एक शीत राहिलं आणि ते सासूबाईंना सापडलं. त्याच आठवड्यात म्हशीनं पान्हा चोरला. मग मागच्या वर्षीच्या वाळवीपासून सुनिलच्या कंपनीत कापलेल्या पगारापर्यंत सगळं त्या एका शितावर जमा झालं. (सुनिल म्हणजे भाविकाचा नवरा. मुरबाडला कंपनीत होता आणि घरात आई-बायकोचं वाजलं की त्याला नेमकी दुसरी पाळी लागायची.)

इकडे मनस्वीच्या मनगटातली काळ्या मण्यांची मनगटी, जी आखाडात काढताना साबण लावावा लागायचा, ती आता आपणहून कोपरापर्यंत जाऊन यायची. अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्यावर पोरगी हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरली होती.

“अजून उतरली ना, तं लाल,” अंगणवाडीच्या ताराबाई म्हणाल्या. “मंग आमाला वरती कलवायला लागंल. तालुक्याला दवाखान्यात भरती. पंधरा दिवस तू बी तिकडंच.”

“पंधरा दिवस?” धोंडीबाई दचकल्या. “हळवा भात कापनीला येईल तवर. मंग कापंल कोन?”

“मंग भरवा ना पोरीला!”

“भरवनार ना! कोन नाय बोलतंय? मामा येऊं दे.”

येथे गावाच्या बौद्धिक पातळीविषयी गैरसमज होऊ नये म्हणून एका पाहणीचा उल्लेख आवश्यक आहे. श्रावणात शहापूरच्या बाजूने दोन मुली गाडीवरून आल्या होत्या. गावातल्या बायकांना बाळाच्या आहाराची माहिती कितपत आहे, ते त्यांना मोजायचे होते. धोंडीबाई मनस्वीला मांडीवर घेऊन पुढ्यात बसल्या.

“आजी, बाळाला सहा महिने झाले की काय द्यायचं?”

“वरचा आहार,” धोंडीबाई घडाघडा सुरू झाल्या. “मऊ, पन घट्टसर. चमच्यावरना घरंगलला नाय पायजे. वर तेलाची नायतर तुपाची धार. आज एक रंग, उद्या दुसरा रंग. आनि भरवताना बालाशी बोलायचा, मुबाईल द्यायचा नाय.”

मुली थक्क झाल्या. पैकीच्या पैकी! मधेच मनस्वी रडू लागली, तेव्हा मुलाखतीत व्यत्यय नको म्हणून त्यातल्या एकीने पर्समधून क्रीमचे बिस्किट काढून तिच्या हातात दिले. सर्व घरे फिरून निष्कर्ष असा निघाला, की गावातील मातांना व आज्यांना आहाराचे ज्ञान शंभर टक्के आहे. ‘मग तुम्ही देता का?’ हा प्रश्न त्यांच्याकडे नव्हता. ते खातं वेगळं असतं.

यानंतर शासनाने स्वतः मामा होण्याचे ठरवले. पोषणाचा महिना लागला आणि अंगणवाडीत सामुदायिक उष्टावणाचा कार्यक्रम जाहीर झाला. पहिला घास तालुक्याचे साहेब भरवणार होते. धोंडीबाईंनी दोन दिवस विचार केला आणि “सरकार म्हंजे सगल्यांचा मामाच की,” असा निर्वाळा दिला. भाविकाला त्या दिवशी सासूचे पाय धरावेसे वाटले.

कार्यक्रम देखणा झाला. डाळ-तांदळाची रांगोळी, गाजराचं फूल, नाचणीच्या लाडवांचं मंदिर, आणि मधोमध मुगाच्या खिचडीचं पातेलं. पाच बाळं ओळीनं आयांच्या मांडीवर. साहेबांची गाडी मात्र दुसऱ्या गावच्या उष्टावणात अडकली. तिकडून निरोप आला, की फोटो काढून पाठवा म्हणजे मी आल्यासारखं होईल. फोटो मोबाइलमधून वर चढल्याशिवाय घास भरवला असे धरले जात नाही, आणि अंगणवाडीत रेंज नाही. म्हणून ताराबाई एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात रिकामा चमचा घेऊन टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीकडे निघाल्या. मागून पाच आया, पाच बाळं आणि उत्साही नातेवाईक. टाकीपाशी प्रत्येक बाळाच्या तोंडापासून बोटभर अंतरावर चमचा धरून फोटो काढण्यात आले. पाचही बाळांनी तोंडं उघडली होती. फोटो फार गोड आले.

परत येईपर्यंत खिचडीचा लाभ गावातल्या एका कुत्रीने घेतला होता. तिला नुकतीच पिल्लं झालेली असल्याने ती स्तनदा मातांच्या गटात पात्र होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

“जाऊं दे गो,” वाटेत धोंडीबाई म्हणाल्या. “सख्ख्या मामाची सर नाय यायची.” आणि कनवटीचं बिस्किट काढून त्यांनी नातीच्या हातात दिलं. खरं सांगायचं तर ते देताना त्यांचा स्वतःचा जीव तुटत होता. नियम त्यांच्याही मानगुटीवर बसलेला. त्यांना फक्त तो उतरवायला कोणी येत नव्हतं.

मग पितृपक्ष लागला, आणि आता काही होईल ही आशाच संपली. पितृपक्षात उष्टावण? आधी पितर जेवतील, मग पोरं!

धोंडीबाईंचे मालक धर्मा हे सुनिलच्या लग्नाआधीच वारले होते. त्यांची तिथी आली. चुलीवर सकाळपासून तांदळाची खीर, वडे, वरण-भात, लाल भोपळा, अळू. मनस्वी परसातल्या ओट्यावर बसून नाकानं सगळं मोजत होती. केळीच्या पानावर वाढलेला घास पडवीच्या पत्र्यावर ठेवला, आणि घरातली झाडून सगळी माणसं कावळ्याची वाट पाहत उभी राहिली. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचे नाही. कावळा शेवग्यावर होता. बघत होता. येत नव्हता.

“रुसलाय,” तानीकाकी म्हणाली. तिला भूक सहन होत नसे. “इच्छा राहिली असंल मालकांची. बोला त्यांना काय ते.”

धोंडीबाई शेवग्याकडे बघून हात जोडत्या झाल्या. “तो ढवला बैल म्हशाच्या जत्रंला इकला म्हनून राग हाय का तुमचा? सुनिल तसाच दुसरा आनील.”

सुनिलने मान हलवली. कावळ्याने नाही.

“खोपीवर कौलं टाकतो, बाबा,” सुनिल म्हणाला. कावळ्याने पंखात चोच खुपसली.

“तंबाकू! ह्या घरात नाय ठेवली कवा, पन पानावर तंबाकू ठेवतं मी!” धोंडीबाईंचा आवाज फाटला. काहीच होईना. कावळ्याला काय हवे आहे हे संपूर्ण कुटुंबात एकट्या भाविकाला कळले होते, कारण उठता-बसता मनस्वीच्या हातून सांडलेली बिस्किटे कोण खातो हे तिने महिनाभर पाहिले होते. आहाराच्या सवयी एकदा बदलल्या की पितरांनाही जड जाते.

“आई,” ती हळूच म्हणाली, “पत्रा तापलाय. पाय भाजत असतील. पान परसात खालच्या ओट्यावर ठेवू या का? आणि आपण जरा आत होऊ. माणसांना बुजतो तो.”

हे शास्त्राला धरून होते. पान खाली आले. सगळे आत गेले. मनस्वीला उचलायचे तेवढे गडबडीत राहून गेले. (पानापासून बाळ किती अंतरावर ठेवावे याबद्दल कुठल्याही मार्गदर्शक सूचना नाहीत. भाविकाने ते आपल्या अंदाजाने, रांगण्याइतके ठेवले.) दोन्ही हातांत एकेक बिस्किट होतं.

दाराच्या फटीतून भाविका बघत राहिली. छाती अशी उडत होती, की फट हलतेय असं वाटावं.

कावळा उतरला. पानाकडे त्याने ढुंकून पाहिले नाही. दोन उड्यांत मनस्वीपाशी गेला, तिच्या डाव्या हातातलं बिस्किट उचललं आणि शेवग्यावर जाऊन बसला. मनस्वीनं उजवी मूठ घट्ट आवळली. तिच्यातल्या बिस्किटाचा चुरा झाला, पण सोडला नाही. मग तिनं रिकाम्या डाव्या हाताकडे पाहिलं. रडली नाही. पानाकडे पाहिलं, तोंड उघडून मिटलं, आणि निघाली.

खिरीत मनगटीसकट हात गेला. मग वरण. मग भोपळा, तो कपाळालाही लागला. न्हाणीच्या आडोशाला काढला होता तोच आवाज, पण या वेळी सगळ्या परसाला ऐकू जाईल असा.

“अगो बाय!” तानीकाकीनं दार लोटलं. “पोरीनं पितरांचा पान उष्टा केला!”

सगळी बाहेर आली आणि जागीच थबकली. सुनिलचं तोंड उघडं. धोंडीबाईंचा हात कपाळावर जाता जाता मधेच राहिला. आता सून, म्हैस, वाळवी, सगळ्यांचा हिशेब एकदम निघणार हे भाविकाला दिसत होतं. पण मनस्वी जेवत होती, आणि तिला पानावरून उचलायची नाही एवढं भाविकानं ठरवलं होतं. ती फक्त म्हणाली,

“आई... डाव्या हातानं खातेय बघा.”

धर्मा डावखुरे होते. डाव्या हातानं जेवतो म्हणून आयुष्यभर आधी आईची आणि मग बायकोची बोलणी खात जेवलेले. हे सुनिलनेच तिला सांगितले होते. (उजव्या मुठीत बिस्किटाचा चुरा होता, ही तांत्रिक बाब झाली.)

धोंडीबाई हळूहळू खाली बसल्या. डोक्यावरून घसरलेला पदर त्यांनी पुढे ओढून घेतला आणि साडेसात महिन्यांच्या नातीसमोर मान खाली घालून, लग्न झाल्यापासून कधी काढला नसेल अशा मऊ आवाजात म्हणाल्या,

“जेवा. सावकास जेवा हो. आज कोन बोलनार नाय तुमाला.”

मनस्वीने ढेकर दिली. तानीकाकी हुंदके देत आत जाऊन पहिल्या पंगतीला बसली.

त्यानंतर मनस्वीचं जेवण हा मुद्दाच राहिला नाही. “बाबांना काय काय आवडायचं हो, आई?” भाविकानं विचारायचा अवकाश, धोंडीबाईंनी सगळं सांगितलं. नाचणीची पेज. मऊ भात नि वरण. उकडलेलं अंडं. भोपळा तर जीव की प्राण. आणि मोहाची, पहिल्या धारेची. (शेवटची बाब भाविकाने पुढील विचारार्थ राखून ठेवली.) दिवसातून तीनदा धोंडीबाई वाटी घेऊन बसायच्या आणि नातीला अहोजाहो करत भरवायच्या. “एवढा घ्या. तुमच्यासाठीच पातल केलंय. अंगावर काय उरलाय तुमच्या?” भरवताना बाळाशी बोलावे या निकषाची पूर्तता तालुक्यात इतक्या मनापासून कोणी केली नसेल.

नवरात्रात मामा भगीरथ चांदीची वाटी घेऊन हजर झाला. “उशीर झाला रे बाबा,” धोंडीबाई त्याला म्हणाल्या, “तुझ्या आधी म्हातारा जेवून गेला.” तरी त्याने घास भरवला, मनस्वीने तो गिळून त्याच्या बोटाला चावा घेतला. पुढच्या वजनाला मनगटी कोपरापर्यंत जायची बंद झाली होती आणि काटा पिवळ्यातून हिरव्याच्या कडेला टेकला होता. ताराबाईंनी कारण ‘वरचा आहार’ असे लावले, कारण पितरांसाठी रकाना नव्हता.

मात्र चांगला उपक्रम एका घरापुरता ठेवणे ताराबाईंच्या स्वभावात नव्हते. कुठेही मूल मामासाठी खोळंबले की त्या आधी विचारू लागल्या, “तुमच्यात कोन वारलाय?” आणि लगेच, “त्यांना काय आवडायचा?” बघता बघता गावातली निम्मी बाळं आजोबा झाली, काही पणज्या झाल्या, आणि सगळी पेज पिऊ लागली. एका नवीन जोडप्याच्या घरात अद्याप कोणीच वारलेले नव्हते, तिथे पंचाईत झाली. त्यांना तानीकाकीने आपल्या सासऱ्यांपैकी चुलत सासरे वापरायला दिले. ते खाण्याच्या बाबतीत नावाजलेले होते.

कावळा अजून शेवग्यावर येतो. त्याच्या वाट्याचं बिस्किट आता भाविका रोज ठेवते. उपकार विसरू नयेत.

परवा त्या दोन मुली पुन्हा गाडीवरून येऊन गेल्या. गावाचे ज्ञान त्यांनी पुन्हा मोजले. ते पूर्वीइतकेच, म्हणजे शंभर टक्के निघाले. वाढायला जागाच नव्हती. इथवर वाचल्यामुळे आता तुमचेही तितकेच झाले आहे, आणि तुमचे नाव आम्ही त्या शंभर टक्क्यांत धरून टाकले आहे. तुमच्या घरात लहान मूल असेल, तर ते या क्षणी काय खात आहे ते उठून बघायला हरकत नाही. काय म्हणालात? एवढं संपवून उठतो?

बसा, बसा. घाई नाही. तोवर त्याच्या हातात बिस्किट आहेच.